नव्या पिस्तुलाचा पहिला बार

दार लाव— न्हाई, कडी नको, नुसतं लोट. बस की वैजनाथ, ड्रायव्हर हायस म्हणून का उभंच राहायचं? तर मी काय म्हणून राहिलो होतो— काल रेंजवर आपल्याला वळखणारं कोण होतं? एक गुलाम रसूलचाचा. पोलिसातली हत्यारं सांभाळून रिटायर झालेला माणूस, त्याच्या तोंडून शब्द निघायचा न्हाई. बाजूला निशाणा धरणारे ते दोघं नांदेडचे, त्यांना मी कोण ते ठाऊक न्हाई. राहिला कोण? मग सकाळी मी गाडीतून उतरलो तवा आपल्या क्लासच्या गेटवर पोरं हसली कशापायी? मोबाईलमध्ये बघून? न्हाई रे, माझ्याकडं बघून हसली.

पिस्तूल चांगलं हाय, त्याची तक्रार न्हाई. हे बघ, टेबलावर ठेवलंय, रिकामं हाय, बिचकू नको. दुकानात हलकं वाटलं होतं, पण गोळ्या भरल्या की मनगट खालीच जातं. मूठ आखूड— करंगळीला जागाच न्हाई. अन् चाप लई कडक. चाचा म्हणला, सर, श्वास सोडा, हळू दाबा, बार कधी झाला ते तुमचं तुम्हाला कळू नये. खरंच कळलं न्हाई. कानाला झाकण होतं, तरी आवाज तळपायातून आल्यावाणी वाटला— अन् डोक्यावरचा पत्रा थरथरला. बस, तेवढंच. पत्रा थरथरला.

किल्लारीचा माणूस छत हाललं की काय करतो? मोकळ्या जागेत पळतो. ते कोणी शिकवलं न्हाई, गणपती बुडवले त्या भूकंपाच्या रात्रीपासून अंगातच बसलंय. पण रेंजवर मोकळी जागा कुठली— तर समोरचं मैदान, जिथं ते दोघं गोळ्या घालून राहिले होते. अन् मी भरलेलं पिस्तूल हातात घेऊन तिकडंच पळालो.

तुला ठाऊक हाय मी हे कशापायी घेतलं. समोरच्या क्लासवाल्यानं माणसं पाठवली होती, आमची पोरं फोडू नका म्हणून. पिस्तूल काय चालवायला घेतो माणूस? सरांकडं हाय, एवढं लोकांना कळावं, बस. आता सर पहिल्याच बाराला पळाले असं गावभर झालं, तर हे लोखंड कमरेला लावून काय करू? ती माणसं परत येतील, अन् या वेळी नुसतं बोलून जाणार न्हाईत. मला भ्या वाटतं, वैजनाथ. आरतीला बी सांगितलं न्हाई मी हे, बायकोला.

अन् एक गोष्ट मला कालपासून कळंना. तू माझ्यामागं इतक्या लवकर कसा आलास? चाचा ओरडायच्या आधी तू मला मातीत पाडलंस. म्हंजे मी पळणार हे तुला आधीच ठाऊक होतं. नजर ठेवून राहिला होतास का माझ्यावर? ...हाव, तू बी किल्लारीचाच, मान्य. मग तुला कळला न्हाई का पत्रा हाललेला? ...कळला? मग सोताचा जीव बघायचं सोडून माझ्यामागं कशापायी आलास, गोळ्या चालून राहिल्या होत्या तिकडं? बोल की. समोरच्यानं तुला फोडलंय का? ठेव त्या गाडीच्या किल्ल्या इथं. उद्यापासून तू—

थांब. काय हाललं? वैजनाथ, छत—

...टिप्पर हाय व्हय. खडी ओतून राहिलाय समोर, त्या क्लासवाल्याच्या नव्या बिल्डिंगीची. खडीच हाय. मी कवा आलो रस्त्यावर? पायात चपला बी न्हाईत. अन् पिस्तूल— पिस्तूल कुठं हाय? आतच, टेबलावर? तू उचललं न्हाईस? दाखव हात. दुसरा दाखव.

...दुसऱ्या हातात माझा दंड हाय व्हय.

सोड आता. गॅलरीत पोरं उभी हाईत, बघतील. जा, घरी जा तू. किल्ल्या राहू दे तुझ्याकडंच. अन् दार— दार उघडंच राहू दे.