जुना ड्रायव्हर

चहा निवण्यापूर्वी एवढे ऐकून घ्या. मी निवृत्त बसचालक, हे आपण जाणताच. पुण्यातील मुलाचा व्हिडिओ कॉल आला की दोन मिनिटांत माझा लॅपटॉप बंद पडत असे. अनसिंग गावातल्या दुरुस्तीवाल्या संगीताबाईंनी तो तपासला.

"आबाजी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झाला. म्हणून बंद पडून राह्यला."

"बाई, चालक जुना झाल्याने गाडी बंद पडत नसते!"

"मंग तुमाले काहून घरी बसवलं?"

त्यांनी नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र चालवणारा प्रोग्राम, टाकला.

रविवारी कॉल आला. लॅपटॉप मुळीच बंद पडला नाही. दोन मिनिटांनी मुलगाच म्हणाला, "बाबा, ठेवतो आता."

जुना ड्रायव्हरच बरा होता. कॉल तुटला की मुलगा निदान पुन्हा लावत तरी असे.