साहेबाच्या थडग्यावरचा नारळ

हसू नका, तवा दुभाषी मीच होतो. आपल्या शिरूरात गोऱ्या साहेबाच्या थडग्याला देव मानतात ना, त्याची दुरुस्ती बघायला थेट स्कॉटलंडहून त्याच्या कुळाच्या मंडळाचा माणूस आला. मला इंग्रजीत म्हणाला, "लोकांना सांग, दगडाला तडे जातायत, इथं नारळ फोडणं बंद."

समोर अख्खी आळी! मी घाबरून एवढंच सांगितलं, "पाव्हणं साहेबाच्या भावकीतले हायेत."

पूजा करणारे आप्पा खूश. "मग आजचा मान त्यांचाच!" म्हणत त्यांनी पाव्हण्याच्या हातात नारळ दिला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, बिचाऱ्याला नाही म्हणवेना. हाणला जोरात. नारळ शाबूत, थडग्याचा कोपराच उडाला.

आप्पा शांतपणे म्हणाले, "व्हय, भावकीच हाय."