पोरीनं पहिला फोन कुणाला केला

आदरणीय अध्यक्ष हरिभाऊ, मंचावरची वडीलधारी मंडळी, शिक्षकवृंद, पालक बंधुभगिनींनो आणि मागच्या बाकांवर मोबाईल लपवून बसलेल्या पोरांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी परशराम, बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यात लेथ मशीन चालवतो. केतकीबाईंची खानापूरला बदली होतेय, म्हणून पालकांच्या वतीनं उभा आहे. चांगलंच बोलून या, असं घरातनं बजावून पाठवलंय. पण खरं सांगू? मला या बाईंचा लई हेवा वाटतो.

माझी रचना दहावीला. गेल्या वर्षी म्हटली, "आप्पा, शाळा सोडून मी गेमर होणार." मी काय केलं? फोन कपाटात कोंडला. पोरगी महिनाभर माझ्याशी बोलली न्हाय. बाईंनी काय केलं? तिला शेजारी घेऊन, स्वतःच्या फोनवर गेम खेळल्या! मिनिटभरात मेल्या. पोरगी पोट धरून हसली म्हणे. माझ्यापुढं ती तशी कधी हसली, सांगा!

मग बाईंनी विचारलं, "रचना, खेळणारे लाखो, पगार देणाऱ्या संघांत जागा किती? पंचविशीत बोटं मंदावली तर पुढं काय?" उत्तरं तिच्याकडूनच शोधून लिहून घेतली. नको म्हटल्या न्हाईत, पोरांनो, हे ध्यानात घ्या. म्हटल्या, "बेळगावच्या खुल्या स्पर्धेत उतर, आपण कुठं आहोत ते बघून ये. शाळा मात्र सोडायची नाही." अहो, शाळा सोडू नको हे मीबी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं होतं की! मग माझं का पटलं न्हाय?

मीबी कपाटातला फोन काढून दिला. स्पर्धेत चौसष्ट संघ होते. पोरीचा संघ दुसऱ्याच फेरीत बाहेर. मी दाराशी रिक्षा थांबवून उभा. ती आली, डोळे पुसले आणि पहिला फोन केला बाईंना. मी चार हातांवर होतो, अध्यक्षमहाराज! त्या दिवसापासून जळतोय.

आता ती रविवारी खेळते, बाकी दिवस अभ्यास करते. पुढची स्पर्धा निकालानंतर.

बदलीची बातमी कळली तेव्हा, माफ करा, मला जरा बरंच वाटलं. घरी जाऊन विचारलं, "आता मनातलं कुणाला सांगणार गं?" म्हटली, "खानापूरला बस जाते की, आप्पा."

बाई, पोरगी तुम्ही सावरलीत, आभार मानावे तेवढे थोडे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. एकच मागणं आहे. तिचा फोन आला की उचला. पण ठेवायच्या आधी तेवढं विचारा, "आप्पाला सांगितलंस का?"