खाऊन झालं की उठायचं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मासळी कारखान्याचे व्यवस्थापक माननीय एनोक गाइस्लरसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या आपल्या पाद्रीबाई सोफिए, नगरपालिकेतर्फे वाऱ्यावादळातून आलेले सन्माननीय पाहुणे, जिच्या निरोपासाठी हा सगळा खटाटोप ती आपली रेगिनेमावशी, समोर बसलेल्या माझ्या कामगार भावाबहिणींनो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी कोट न काढता उभे राहिलेल्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा आदराचा नमस्कार.

मी मासान्ती. कापणीच्या टेबलावरचा, पूर्व किनाऱ्याचा. आमची बोली ऐकून तुम्ही हसता, ते आजही चालेल. खरं तर या जागी कामगार संघटनेचे कोणीतरी शिकलेले गृहस्थ बोलायचे. पण ते घसा बसल्यामुळे येऊ शकले नाहीत. आमच्या टेबलावरच्या बायका म्हणाल्या, "मासान्ती, तू बोल. तुझा घसा कधी बसलेला आम्ही पाहिला नाही." सातवीत शाळा सुटली माझी. त्यामुळे भाषण कागदावर लिहून आणलंय, आणि ते पाद्रीबाईंनी एकदा नजरेखालून घातलंय. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. स्वल्पविराम त्यांचे.

अध्यक्षसाहेबांनी मला आत येताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मासान्ती, आज राजकारण नको. आपला मासा समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या देशातही जातो." साहेब, मी तुमचा शब्द मोडणार नाही. मी फक्त मावशींच्या कॉफीपानाबद्दल बोलणार आहे. त्यात राजकारण स्वतःच्या पायांनी चालत आलं, बूट न काढता, तर त्याला मी काय करू?

मावशींबद्दल काय सांगावं? कारखान्यात ज्या हातांनी पहिली सुरी धरली त्यातले निम्मे हात मावशींनी वळवलेले आहेत. मी इथे उतरलो तेव्हा ओळख ना पाळख. त्यांनी मला मागची खोली दिली. मी एका जागी टिकणारा माणूस नव्हे. आज ट्रॉलरवर, उद्या विमानतळाच्या बांधकामावर, परवा परत कापणीला. प्रत्येक वेळी मी बोचकं बांधलं की मावशी दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय रे, तुझ्या पायाखालचाच बर्फ तेवढा वितळतो का?" आणि परत आलो की खोली तशीच. अंथरूणसुद्धा घातलेलं. बोलणं मात्र शून्य. "आलास? सूप गरम आहे." संपलं.

पण आजचा विषय त्यांचं दार. आपल्याकडे कॉफीपान म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. वाढदिवस असो, बाप्तिस्मा असो, पोराचा शाळेचा पहिला दिवस असो, दार सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं. बोलावणं एकाला नसतं, गावाला असतं. यायचं, बूट काढायचे, ज्याचा दिवस आहे त्याचा हात हातात घ्यायचा, केक खायचा, वाळवलेला मासा खायचा, कॉफी प्यायची, आणि पुढचा माणूस दारात दिसला की उठायचं. याला कोणी पाहुणचाराचा नियम म्हणत नाही. श्वास घेण्याला कोणी नियम म्हणतं का? आईच्या कडेवर असताना पोर शिकतं, खाऊन झालं की उठायचं, दुसऱ्याला जागा द्यायची.

गेल्या ऑगस्टात मावशींच्या नातीचा, तुकुम्मेकचा, शाळेचा पहिला दिवस होता. मण्यांची कॉलर, पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर परीक्षा घ्यायला निघाल्यासारखा भाव. आणि नेमका त्याच आठवड्यात त्या मोठ्या देशाकडून एक मोठे पाहुणे इकडे येणार असल्याचं रेडिओवर सांगत होते. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. आठवायला काय, अजून संपलेत कुठे? रोज सकाळी बातमी. आज म्हणाले विकत घेऊ. उद्या म्हणाले घेणारच, गोडीनं दिलं तर बरं. परवा म्हणाले, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. आपण इथे घर बांधतो तेव्हा फळ्या आपल्या असतात, खिळे आपले असतात, खालची जमीन कोणाचीच नसते. मला कुत्रे बांधायला जागा हवी तर नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो, तोही फक्त वापरायला. आणि तिकडे कोणीतरी अख्ख्या बेटाची किंमत विचारतोय. कोणाला विचारतोय, तेही कळत नाही. मला तर नाही विचारलं. साहेब, तुम्हाला विचारलं का?

माझी काही त्या देशातल्या माणसांशी दुश्मनी नाही. माझे आजोबा त्यांच्या हवामान केंद्रावर सामान वाहायचे. आयुष्यातलं पहिलं संत्रं त्यांनी तिथे खाल्लं, आणि मरेपर्यंत त्याची गोष्ट सांगितली. मावशींची आई उत्तरेची. त्यांच्या लष्करी तळासाठी तिच्या अख्ख्या गावाला तेव्हा इथे राज्य करणाऱ्या डॅनिश साहेबांनी उठवलं, थोडक्या दिवसांत. तेव्हाही गावाला विचारलं नव्हतंच. तेव्हा पूर्वीचे दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण पूर्वी निदान विचारल्याचं सोंग तरी करायचे. चार देश बसवायचे, करार करायचे, सह्या घ्यायचे. आता त्यांना सोंगाचाही कंटाळा आलाय. आणि आपल्याला रोज सकाळी 'नाही' म्हणण्याचा. घरातल्या कर्त्या माणसाला रोज कोणीतरी दारावर येऊन 'घर केव्हा सोडता' म्हणून विचारावं, आणि त्यानं रोज नम्रपणे सांगावं, 'नाही सोडत हो.' रागही किती दिवस टिकतो? राग थकतो. मग नुसतं थकणंच उरतं.

तर कॉफीपान. त्या मोठ्या पाहुण्यांच्या आधी आलेली त्यांची माणसं गावात फिरत होती. 'कोणाच्या घरी साहेबांना कॉफी मिळेल का?' असं दारोदार विचारत होती. लोक म्हणायचे, आम्ही मासेमारीला चाललोय. भर वादळात. मावशींकडेही आले. मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या नातीचा दिवस आहे. दार उघडं असतं. ज्याला यायचं त्यानं यावं." एवढंच. ते म्हणाले, तासभर घर रिकामं करून द्याल का, फक्त आमच्यासाठी. मावशी म्हणाल्या, "मग ते कॉफीपान कसलं? ती तर खाणावळ झाली." आमच्या अध्यक्षसाहेबांनी त्या संध्याकाळी घरी येऊन मावशींना जरा समजावलं, हे मी चांगल्या अर्थानेच सांगतो. साहेब कारखान्याचा विचार करत होते. मावशींनी त्यांना कॉफी दिली. साहेब प्यायले, आणि मागून पाद्रीबाई आलेल्या दिसल्या तेव्हा उठले. साहेबांना रीत माहीत आहे.

त्या दिवशी मोठे पाहुणे आलेच नाहीत. आला एक तरुण. माझ्याच वयाचा असेल. रुंद खांदे, कानात वायर, बरोबर एक दुभाषी आणि एक फोटोवाला. बाहेर पायरीवर आणखी एक धिप्पाड माणूस उभा केला. तरुणानं बूट काढले नाहीत. ड्युटीवर काढता येत नाहीत म्हणे. मावशी म्हणाल्या, "बरं, मग उंबऱ्यात थांब." आणि तो थांबला. उंबऱ्यातच. आमच्या त्या चिंचोळ्या दारात दोन माणसं आधीच जात नाहीत, त्यात हा. मी आत भांडी विसळत होतो, समोर सगळं दिसत होतं. शेजारची कातरिने हळूच म्हणाली, "रेगिने, याला काही देऊ नकोस. उपाशी जाऊ दे." मावशी म्हणाल्या, "कोणाचं तरी पोरच आहे ते. सकाळपासून खाल्लेलं दिसत नाही." आणि केकचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं खाल्ला. छान खाल्ला, मी खोटं बोलणार नाही.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आत होतो त्या आम्हा सगळ्यांना मावशींनी बजावलं होतं बोलायचं नाही म्हणून, आणि त्याच आठवड्यात मी बोचकं बांधून ट्रॉलरवर गेलो. परत आलो तो गेल्या महिन्यात.

मावशींच्या एका हातात केकची ताटली होती. त्यांनी दुसरा हात उचलला, दाराबाहेर दाखवला, आणि म्हणाल्या, "पोरा, खाल्लंस ना? मग आता सरक. आमच्याकडे खाऊन झालं की उठतात. बाहेर सेव्हेरिन ताटकळलाय, त्याला आत येऊ दे." त्याच क्षणी फोटोवाल्यानं फोटो काढला. दुभाष्यानं त्या तरुणाला काय सांगितलं, ठाऊक नाही. माझं इंग्रजी माशांच्या खोक्यांवर छापलेलं असतं तेवढंच. पण तो तरुण हसला, मान डोलावली, आणि ताटलीतला दुसरा तुकडा उचलला.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी तुमच्या फोनवर पाहिलं. उंबऱ्यात हसरा तरुण, समोर हात उंचावलेली आपली मावशी, आणि खाली लिहिलेलं की इथले लोक दारात उभे राहून आमची वाट पाहतात, नेत्यांना समजत नाही पण जनतेला आम्ही हवेच आहोत. जगानं पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. खाऊ घातलं म्हणजे घर दिलं का? तोंडावर 'चालता हो' म्हटलं नाही म्हणजे 'रहा' म्हटलं का? त्यांच्याकडे तसं असेल. एका मोठ्या देशाचं सगळं परराष्ट्र धोरण मला त्या दुसऱ्या तुकड्यात दिसलं. विचारायचं नाही, दिलेलं घ्यायचं, न दिलेलंही घ्यायचं, आणि यजमान हसत होते असं घरी जाऊन सांगायचं.

त्या तरुणाला थोड्या वेळानं फोन आला, मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम बदलला म्हणून, आणि ते गेले. मावशींनी गुडघ्यावर बसून त्याच्या बुटांचे डाग पुसले. मी म्हटलं, "मावशी, मी पुसतो." म्हणाल्या, "राहू दे. दार माझं आहे."

त्यांचं मला फार काही वाटत नाही. ते दूर आहेत, त्यांना आपली रीत माहीत नाही, माहीत करून घ्यायचीही नाही. पण आपल्याला तर माहीत होती ना? नोव्हेंबरात मावशींचा स्वतःचा वाढदिवस झाला. सात केक केले होते म्हणे. कातरिने आली, पाद्रीबाई आल्या. बाकी दार उघडंच राहिलं. कोणी म्हणालं, रेगिनेनं गाव विकलं. कोणी म्हणालं, उत्तरेची माणसं, तळावरचं खाऊन वाढलेली. मी परत आल्यावर मावशींना म्हटलं, आता तरी सांगा लोकांना. त्या म्हणाल्या, "ज्याला माझं दार माहीत नाही त्याला सांगून काय होणार? आणि ज्याला माहीत आहे त्याला सांगावं का लागावं?" मग म्हणाल्या, "मी थकले रे. गाव सोडते, बहिणीकडे जाते." निमंत्रणपत्रिकेत प्रकृतीच्या कारणास्तव असं छापलंय. बरोबरच आहे. हीही प्रकृतीच.

मागे दाराशी सेव्हेरिनकाका उभे आहेत. मी मघापासून पाहतोय. शेजारी घर, चाळीसेक वर्षांचा शेजार, आणि ऑगस्टपासून मावशींशी एक शब्द नाही. काका, तुमचा राग मला कळतो. तुम्ही तुकुम्मेकसाठी स्वतः वाळवलेला मासा घेऊन आलात, आणि ज्या पायऱ्या तुम्ही बांधून दिल्या त्याच पायरीवर एका परक्या माणसानं तुमच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, थांबा. तुम्ही थांबलात. आत केक चाललाय हे तुम्हाला दिसत होतं. मग तुम्ही मासा पायरीवर ठेवून परत गेलात, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो पाहिलात. पण काका, तो हात आज पुन्हा एकदा पाहा. फोटो तुमच्या फोनमध्ये असेलच. त्या हाताचं बोट त्या तरुणाकडे नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे आहे. पलीकडे कोण होतं?

मावशी, तुम्ही माझ्याकडे असं पाहू नका. तुमचा शब्द मोडला, मान्य. उद्या बोटीवर चढताना काय ते बोला.

लांबलं फार. अध्यक्षसाहेबांनी मला बोलू दिलं आणि मध्ये एकदाही घड्याळ दाखवलं नाही, त्यांचे आभार. पाद्रीबाईंचे स्वल्पविरामांबद्दल आभार. कॉफी करणाऱ्या, सभागृह गरम ठेवणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणा लहानथोराचा मान राखायचा राहिला असेल, साहेबांनी नको म्हटलेलं काही तोंडून गेलं असेल, तर अडाणी पोर म्हणून पोटात घाला.

माझं बोलून झालं, माझं खाऊनही झालं. तेव्हा मी उठतो. व्यासपीठावर मावशींच्या शेजारची खुर्ची माझी होती, ती आता मोकळी आहे. सेव्हेरिनकाका, पुढे या. हे सभागृह आहे, इथे बूट काढायचे नसतात. पण तुम्ही वाकलात, मला दिसतंय. काढा, काढा. आम्ही थांबतो.