घुर्र करणारा ड्राइव्ह

मयुरी : ऐकू येऊन राह्यलं का काही?

अंकुश : नाई बा. काहीच नाई.

मयुरी : तेच तं. सकाळपासून काहीच नाई.

अण्णाजी : मले तं समोरची कापसाची जिनिंग ऐकू येऊन राह्यली.

मयुरी : जिनिंगचं नाई, अण्णाजी. माह्या टेबलावरच्या फ्लॉपी ड्राइव्हचं म्हंते. तो एरवी अधूनमधून घुर्र करते. जिनिंगची रुई उडून आत बसली का ड्राइव्ह जाम होते, म्हणून एक प्रोग्राम मागच्या मागं त्याले फिरवत राह्यते. काम असो का नसो.

अंकुश : तो प्रोग्राम नागपूरहून आणलेला हाये, अण्णाजी. पेशल.

मयुरी : हो. नागपूरहून.

अण्णाजी : म्हंजे त्याले झोपू देत नाई.

मयुरी : झोपला का गेला.

अण्णाजी : आमच्या आईचं तसंच होतं. डाक्टर म्हणे, बोलत राहा तिच्याशी. आमी पाळीपाळीनं बोललो. वैतागून वैतागून दोन वर्सं जगली. पन माह्या फ्लॉपीचं काय?

मयुरी : आत टाकली, तं म्हंते फ्लॉपीच नाई.

अण्णाजी : असं कसं म्हंते? तिच्यात माह्ये सारे नातेवाईक हायेत! मोठ्या पोरीच्या, अंकिताच्या लग्नाची पत्रिका इथंच केलती, अठ्ठ्याण्णव साली. आता धाकटीचं लग्न. तेच नावं पाह्यजेत, त्याच क्रमानं. तवा पुलगावचे मावसकाका राह्यले होते पत्रिकेत. लग्नाले आले, पंगतीत बसले, पन घास नाई घेतला. काऊन म्हटलं, तं म्हंतात, मी आलोच नाई, पत्रिका पाहा.

मयुरी : मंग?

अण्णाजी : मंग काय, माणूस धाडला तुमच्या दुकानात, फ्लॉपीत नाव टाकून घेतलं. तवा जेवले.

अंकुश : उंदीर असन. नाई तं लोडशेडिंगचा झटका. आता पेन ड्राइव्हचा जमाना हाये, अण्णाजी. माह्यावाला कॉम्प्युटर पाहा, कोरा करकरीत.

अण्णाजी : मंग तुमच्यापाशी कोनी बसत काऊन नाई?

अंकुश : बसतात ना.

मयुरी : थैल्या ठेवतात. अन् उंदरानं वायर कुरतडली असती. इथं प्रोग्रामच काढून टाकला. वरून रिसायकल बिनई साफ केली. एवढा टापटीप उंदीर मी पाह्यला नाई.

अंकुश : मंग टाक ना परत.

मयुरी : तो फ्लॉपीत हाये.

अण्णाजी : फ्लॉपी चालवाचा प्रोग्राम फ्लॉपीत?

मयुरी : हो जी.

अण्णाजी : माह्या बायकोचा चष्मा असाच हरवला होता. चष्मा लावल्याबिगर सापडत नव्हता. ... हे कोन घोरलं?

अंकुश : पोट. सकाळी तर्री-पोहे खाल्ले.

मयुरी : पाय बाजूले घ्या. ही उशी काऊन इथं?

अंकुश : गुडघ्यासाठी.

मयुरी : गुडघ्यासाठी तुमच्या कॉम्प्युटरच्या तोंडाले बांधली? अन् तेई माह्या ओढणीनं?

अण्णाजी : मी जरा पान खाऊन येतो. तुमी दोघं नवरा-बायको बोलून घ्या.

मयुरी : प्रोग्राम तुमच्या मशीनीत घेतला तं घेतला. माह्यावाल्यातून काऊन काढला?

अंकुश : लोकं येतात अन् म्हंतात, मॅडम हायेत का. मी समोर बसून असतो. म्हंतो, बोला ना. तं म्हंतात, नाई, बसतो आमी. मंगळवारी एक जण तं जाताना पंखा बंद करून गेला. मी पंख्याखालीच बसून होतो!

मयुरी : हे मले काऊन नाई सांगितलं?

अंकुश : काय सांगू? बोर्डावर नाव माह्यं, अन् लाइन तुह्यी. अन् तो घुर्र करते तवा तू हसते. दर वेळेस. मी बोललो तं हसत नाई.

मयुरी : तो थोडक्यात बोलते.

अंकुश : पाह्य. पाह्य कशी बोलते.

मयुरी : दिवाळीपासून होळीपर्यंत बसून लिहिला मी तो. तुमी साऱ्या तळेगावात सांगता नागपूरहून आणला. मी काही म्हटलं का? प्रोग्राम मागितला असता तं नाई म्हटलं असतं का?

अंकुश : तुह्यापाशी मागावा लागला असता ना.

अण्णाजी : झालं का? आष्टीची जीप जाईन माही. माह्ये नातेवाईक अंकुशभाऊच्या मशीनीत टाकून पाहा एकडाव.

अंकुश : द्या. ... थांबा. ... आले! सारे आले, अण्णाजी. पुलगाववाले मावसकाकाई हायेत.

अण्णाजी : वा! जेवतील मंग. अंकुशभाऊ, मानलं तुमाले! आमच्या जावयाच्या दुकानातला ड्राइव्ह असाच मेला, तोई रडून राह्यला. हा प्रोग्राम नागपूरले कोनापाशी भेटते? पत्ता लिहून देजो.

अंकुश : नागपूरले नाई भेटत.

अण्णाजी : मंग मुंबईचा हाये काय?

अंकुश : नाई जी. हिनं लिहिला.

अण्णाजी : आँ?

मयुरी : जरा मोठ्यानं सांगा. बाहेर बाकावर लोकं बसून हायेत.