बरणीला दिलेली बाबांची रजई

घरी बियर करायची तर आई झोपलेली असताना करावी, पण माझी आई दुपारीही झोपत नाही. म्हणून मी तिला सांगितलं, "जवाचं पाणी आहे, मुतखड्यावर औषध."

कडक व्हावी म्हणून मोड आणलेल्या जवाचं माल्ट दुप्पट घातलं होतं. पण ग्वाल्हेरची थंडी! आंबणं थांबलं, बरणीच्या नळीतून येणारे बुडबुडे अर्ध्यातच बंद पडले. चाखली तर नुसतं सरबत. मी तोंड पाडून बसलो.

आई म्हणाली, "अरे, माझं इडलीचं पीठही थंडीत असंच झोपतं. ऊब दे त्याला." आणि तिने बाबांच्या पलंगावरची रजई उचलून सरळ बरणीला गुंडाळली!

सकाळी बाबा शाल पांघरून शिंकत आले. "या घरात बीमार कोण आहे? मी की ही बरणी?"

"तिला परेशान नका करू, औषध आहे ते," आई म्हणाली.

तेवढ्यात रजईतून आवाज आला, बुडुक! मग बुडुक, बुडुक. मी आणि आई चक्क नाचलो. बियर पूर्ण होईपर्यंत रजई काही निघाली नाही, आणि बाबांच्या शिंकाही थांबल्या नाहीत.

शेवटी आईने पहिला ग्लास बाबांनाच दिला. "घ्या, तब्येतीला बरं." बाबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी शांतपणे ग्लास संपवला.

आई म्हणाली, "आता तुमची रजई देते हं परत."

"राहू दे," बाबा म्हणाले. "पुढच्या बरणीला लागेल. मला आता थंडी वाजत नाही."