तळ्यावरची चाकोरी

योरुन : कॉफी नको मला. बर्फगाडीची किल्ली दे, मी निघते.

ऑडवार : शाळेत एका बाकावर बसलो आपण, आणि आज माझ्या घरची कॉफीही नको? बस गं. अध्यक्षीणबाई आल्यात तर स्की क्लबची बातमी तरी सांगा.

योरुन : बातमी? वाफल भाजायचं मशीन पुन्हा जळलं. यंदाच्या चाकोरीसाठी लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवलेला गेल्या हिवाळ्यातला बर्फ निम्मा वितळून ओढ्याला गेला. श्रमदानासाठी सगळ्या गावाला फोन केले, तर आले तिघं. त्यातला एक रस्ता विचारायला थांबलेला पाहुणा होता.

ऑडवार : त्याच्या हातात फावडं दिलंस की नाही?

योरुन : दिलं. भला माणूस. दुपारपर्यंत राबला आणि वर आपल्याच थर्मासमधली कॉफी मला पाजली.

ऑडवार : मग त्यालाच करा अध्यक्ष.

योरुन : करते ना, मी सुटेन तरी. दरवर्षी सभेत सांगते, आता दुसरं कुणी बघा. लोक टाळ्या वाजवतात आणि मलाच पुन्हा निवडतात. बरं, विषय बदलू नकोस. किल्ली.

ऑडवार : कार्यकारिणीनं ठरवलं म्हणायचं.

योरुन : एकमतानं. मीही हात वर केला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून आले.

ऑडवार : एका चुकीसाठी? आयुष्य गेलं माझं या गावाला बर्फात स्कीच्या चाकोऱ्या पाडून देण्यात. लोक उठायच्या आत जंगल फिरून यायचो मी.

योरुन : चूक कोणती ते तुझ्या तोंडून ऐकू दे.

ऑडवार : तुला ठाऊक आहे.

योरुन : मला आहे रे. तुला आहे का, ते बघतेय.

ऑडवार : मुलांच्या गेल्या शर्यतीसाठी चाकोरी तळ्यावरून नेली. ओढा तळ्याला मिळतो तिथं बर्फ पातळ होता. सुन्निवाचा पाय आत गेला. झालं समाधान?

योरुन : पाय नाही, ऑडवार. कमरेपर्यंत आत गेली पोर. माझी नात म्हणून बोलत नाही, कुणाचीही असती तरी हेच बोलले असते. माझा वेगार मागंच होता म्हणून निभावलं. पोटावर पडून काठी पुढं केली त्यानं, आणि बापानं लेकीला खेचून काढलं. अजून त्याच्या घशाखाली धड घास उतरत नाही.

ऑडवार : आदल्या दिवशी मी स्वतः गेलो होतो तिथून. गाडीसकट. बर्फाचं हूं नाही की चूं नाही.

योरुन : आणि त्या रात्री पाऊस लागला, त्याचं काय? सकाळी गिरमिट घेऊन गेला होतास? भोक पाडून जाडी बघितलीस?

ऑडवार : डिसेंबरात लुसियाचा सण झाला की तळं गोठून घट्ट धरतं. माझा बाप गिरमिट नेत नव्हता, मीही कधी नेलं नाही.

योरुन : तुझ्या बापाच्या वेळी लुसियाच्या आधीच तळ्यावरून लाकडानं भरलेल्या घसरगाड्या जायच्या. आता नाताळात छत्री लागते. पंचांग बदललं नाही, पण हवा बदलली ना!

ऑडवार : म्हणजे मी म्हातारा झालो, एवढंच म्हणायचंय तुला.

योरुन : मीही झाले. त्याचं काही नाही. पण पोरांना आपण काय शिकवतो? चाकोरी नसेल तिथं तळ्यावर पाऊल टाकायचं नाही, आणि चाकोरी दिसली की बिनघोर जायचं. तुझ्या बापानंच शिकवलं हे आपल्याला. सुन्निवानं काही आगाऊपणा नाही केला. सांगितलं तसं वागली, म्हणून बुडत होती.

ऑडवार : हे तू मला सांगू नकोस. दिवसभर हेच चालू असतं माझ्या डोक्यात. लाज वाटते, योरुन. दुकानात जाताना समोरून ओळखीचं कुणी दिसलं तर रस्ता ओलांडून पलीकडं जातो मी.

योरुन : मग दे ना किल्ली.

ऑडवार : नाही देणार. सिग्ने गेली, संसार संपला, तेव्हापासून अंथरुणातून उठायला एवढं एकच कारण आहे मला. बर्फ पडला का बघायचं, आणि निघायचं. तेही काढून घेतलंस तर मी या खिडकीत बसून माश्या मारू? हिवाळ्यात माश्याही नसतात.

योरुन : असं बोलू नकोस रे.

ऑडवार : बरं, माझ्या जागी कोण? एवढी एकमतानं ठरवणारी मंडळी, त्यातलं कुणी चालवणार आहे गाडी?

योरुन : कुणी नाही.

ऑडवार : कुणीच नाही?

योरुन : विचारून विचारून जीभ झिजली माझी. एकाची पाठ धरलीय, एकीचं बाळ तान्हं आहे. वेगारला विचारलं तर म्हणाला, आई, मला सध्या तिकडचा बर्फही बघवत नाही. हात वर करायला सगळे असतात बघ.

ऑडवार : आणि रविवारची शर्यत?

योरुन : नाही होणार, दुसरं काय! चाकोरीशिवाय पोरं कशी धावणार? हे बघ, खरं सांगू? दमले मी. तुझ्याशी भांडायचंही त्राण नाही उरलं. रविवारपुरती ठेव किल्ली. जंगलातून ने चाकोरी, तळ्याकडं फिरकू नकोस. कार्यकारिणीला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

ऑडवार : एवढ्यात पाघळलीस? आत आलीस तेव्हा तर फौजदार होतीस.

योरुन : तुझ्यासाठी नाही पाघळले. सुन्निवासाठी. त्या दिवसापासून पोरगी स्कीला हात लावत नव्हती. काल आपणहून विचारलं तिनं, आजी, रविवारची चाकोरी कोण पाडणार? म्हटलं, अजून ठरायचंय. तर म्हणते, ऑडवारनं पाडली तर मी येईन. दुसऱ्या कुणाची असली तर नाही येणार.

ऑडवार : म्हणजे तळ्यावरची कुणी पाडली होती ते तिला कुणी सांगितलंच नाही?

योरुन : सांगितलं की. मीच सांगितलं.

ऑडवार : मग?

योरुन : म्हणाली, चाकोरी छान होती गं आजी, तळंच वाईट होतं.

(ऑडवार उठून खिडकीशी जातो. पाठमोराच उभा राहतो.)

योरुन : अरे, रडतोस की काय? चांगली गोष्ट सांगितली मी.

ऑडवार : उद्या मी पुन्हा तळ्यावरून चाकोरी नेली, तर तिच्यावरून जाईल सुन्निवा?

योरुन : तुझी म्हटल्यावर? डोळे मिटून जाईल.

ऑडवार : दाराजवळच्या खुंटीवर आहे. माझ्या टोपीखाली.

योरुन : काय आहे?

ऑडवार : किल्ली. घेऊन जा, योरुन.